कुफ्र ठरवण्याचा अधिकार कोणाला?

प्रश्न असा विचारण्यात आला आहे : इस्लाममध्ये कुफ्र म्हणजे नेमके काय? मुसलमान नसलेली प्रत्येक व्यक्ती काफिर ठरते का? आणि दर्ग्यावर चादर चढवली म्हणून नात्यातलेच लोक एखाद्या मुसलमानाला ‘तू काफिर झालास, तुझा निकाह तुटला, तो पुन्हा पढवून घे’ असे सांगू लागले, तर त्या सांगण्याला धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा काही आधार आहे का?

मी इस्लामी न्यायशास्त्र शिकवतो आणि त्याच्या जोडीने मुस्लिम वैयक्तिक कायद्याची प्रकरणेही चालवत आलो आहे. वर्गात येणारे प्रश्न आणि पक्षकार घेऊन येतात ते प्रश्न यांत या एका विषयाबाबत फारसा फरक नसतो, आणि दोन्हीकडे गोंधळाचे मूळही एकच असते. ‘काफिर’ हा शब्द कुराणात माणसाच्या वृत्तीसाठी येतो. फिक्हच्या, म्हणजे धर्मविधीच्या, ग्रंथांत तो एका नागरी दर्जासाठी येतो. आणि तक्फीरमध्ये, म्हणजे एका मुसलमानाने दुसऱ्याला इस्लामबाहेर ठरवण्यात, तो निवाडा म्हणून येतो. या तिन्हींचे नियम वेगळे आहेत, पुरावा वेगळा लागतो आणि परिणामही वेगळे होतात. एका ठिकाणचा अर्थ उचलून दुसऱ्या ठिकाणी लावला की अन्याय होतो, आणि तो इतिहासात वारंवार झालेला आहे. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी ते क्रमाने देणे भाग आहे.

कुराणापासून सुरुवात करू. तिथे कुफ्र हा ईमानच्या, म्हणजे श्रद्धेच्या, विरुद्ध तर आहेच, पण अनेक ठिकाणी तो शुक्रच्या, म्हणजे कृतज्ञतेच्याही विरुद्ध आहे. चौदाव्या सूरहच्या (अध्यायाच्या) सातव्या आयतीत (वचनात) ‘तुम्ही शुक्र केलात तर मी तुम्हाला आणखी देईन आणि कुफ्र केलात तर माझी शिक्षा कठोर आहे’ अशी सरळ जोडी मांडलेली आहे. सव्विसाव्या सूरहमध्ये तर फिरऔन, म्हणजे इजिप्तचा राजा, हजरत मूसांना ‘तू काफिरांपैकी आहेस’ असे म्हणतो. आम्ही तुला लहानाचे मोठे केले आणि तू उपकार विसरलास, असे त्याला म्हणायचे आहे. इब्लीसच्या, म्हणजे सैतानाच्या, कथेत हाच धागा आणखी स्पष्ट होतो. इब्लीसला ईश्वराचे अस्तित्व मान्य आहे, तो ईश्वराशी प्रत्यक्ष बोलतो, तरीही आदमसमोर झुकण्याची आज्ञा त्याने अहंकारामुळे नाकारली म्हणून कुराण त्याला काफिरांत गणते. सत्ताविसाव्या सूरहच्या चौदाव्या आयतीत फिरऔनच्या लोकांविषयी म्हटले आहे की, त्यांच्या मनाला निशाण्या पटल्या होत्या, तरी जुलूम आणि गर्व यांपायी त्यांनी त्या नाकारल्या. या साऱ्या जागी कुफ्र म्हणजे समजून-उमजून केलेला नकार आहे. सत्य समोर आले, पटले, आणि तरीही स्वार्थ, कुळाचा अभिमान किंवा सत्ता यांसाठी त्याकडे पाठ फिरवली, हा त्याचा गाभा आहे. भाष्यकारांनी पुढे त्याचे प्रकार पाडले: खोटे ठरवून केलेला नकार, अहंकाराने केलेला नकार, बेफिकिरीने पाठ फिरवणे, संशयात अडकून राहणे, आणि तोंडाने होकार देऊन मनात नकार ठेवणे, ज्याला निफाक म्हणतात.

काफिरांविषयी कुराणात अत्यंत कठोर वचने आहेत आणि ती लपवण्यात मला प्रामाणिकपणा वाटत नाही. मक्केच्या कुरैश टोळीने पहिल्या मुसलमानांचा छळ केला, त्यांना देशोधडीला लावले आणि नंतर मदिनेवर चढाया केल्या; युद्धाची वचने त्या संघर्षातली आहेत. पण त्याच कुराणात साठाव्या सूरहची आठवी आयतही आहे. धर्मासाठी ज्यांनी तुमच्याशी युद्ध केले नाही आणि तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, असे ती सांगते. एकतिसाव्या सूरहमध्ये आईबाप शिर्क करण्यासाठी, म्हणजे ईश्वराला भागीदार जोडण्यासाठी, दबाव आणत असतील तर त्या बाबतीत त्यांचे ऐकू नकोस, पण या जगात त्यांच्याशी भलेपणाने राहा, असे सांगितले आहे. म्हणजे श्रद्धेचा भेद मान्य करूनही नात्याचे कर्तव्य शिल्लक राहते. एकशे नवव्या सूरहचे नावच ‘अल्-काफिरून’ आहे आणि तिचा शेवट ‘तुमचा धर्म तुम्हाला, माझा धर्म मला’ असा होतो. जो कोणी ‘काफिर’ शब्द ऐकला की फक्त तलवार आठवतो, त्याने, तो कोणत्याही बाजूचा असो, ही सहा आयतींची छोटी सूरह आधी वाचावी.

आता फिक्ह. पैगंबरांनंतर शंभरेक वर्षांत मुसलमानांचे राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरले आणि न्यायशास्त्र्यांसमोर व्यवहाराचे प्रश्न उभे राहिले. कर कोणी कोणता द्यायचा, वारसा कोणाला मिळेल, लग्न कोणाशी चालेल, साक्ष कोणाची धरायची? यासाठी त्यांनी प्रजेची वर्गवारी केली आणि त्या वर्गवारीत जो मुसलमान नाही तो काफिर, असा सरसकट वापर रूढ झाला. इथे मनातल्या गर्वाचा किंवा कृतघ्नतेचा विचारच नाही. तो एक कायदेशीर रकाना आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, फिक्हच्या परिभाषेत होय, मुसलमान नसलेली प्रत्येक व्यक्ती या रकान्यात येते. पण या रकान्यात असणारा माणूस सत्य ओळखून ते नाकारणारा आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

रकान्याच्या आतही भेद होते. ज्यू आणि ख्रिस्ती हे ‘अहले किताब’, म्हणजे ग्रंथधारक; पाचव्या सूरहच्या पाचव्या आयतीनुसार त्यांनी कापलेले मांस मुसलमानाला चालते आणि त्यांच्या स्त्रीशी मुसलमान पुरुषाचा विवाह होऊ शकतो. मूर्तिपूजकांबाबत मात्र दुसऱ्या सूरहमध्ये विवाहाला मनाई आहे. जिझिया, म्हणजे मुसलमानेतरांवरचा कर, घेऊन संरक्षण कोणाला द्यायचे, यावरही मतभेद होते. सुन्नींच्या चार न्यायपंथांपैकी शाफई पंथाच्या मते हे फक्त ग्रंथधारकांना आणि पारशांना लागू होते. हनफी पंथाने मात्र अरबांखेरीज इतर मूर्तिपूजकांनाही ते लागू केले. हिंदुस्थानाच्या इतिहासात या मतभेदाला फार मोल आहे, कारण इथल्या बहुतेक सुलतानांचे आणि मुघलांचे न्यायशास्त्र हनफी होते.

हा दर्जा संरक्षणाचा होता, तसाच तो दुय्यमही होता. अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा बसवला, तेव्हा त्या दुय्यमपणाची धग लोकांना लागली. त्या वेळी औरंगजेबाला पाठवलेले, शिवाजी महाराजांच्या नावे असलेले फारसी पत्र मराठी वाचकांना ऐकून तरी ठाऊक असते. त्या पत्रातला मुद्दा या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. कुराणात ईश्वराला ‘रब्बुल आलमीन’, म्हणजे सर्व विश्वांचा पालनकर्ता, म्हटले आहे. फक्त मुसलमानांचा पालनकर्ता म्हटलेले नाही, हे त्यात बादशहाला त्याच्याच ग्रंथाच्या आधाराने सांगितले आहे. पत्राच्या कर्तृत्वाविषयीची चर्चा इतिहासकारांनी करावी. मला त्यातला युक्तिवाद महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरून टीका करत नाही. फिक्हचा रकाना आणि कुराणाचा ईश्वर यांच्यातले अंतर तो नेमके दाखवतो.

आज नागरिकत्वाच्या कल्पनेवर चालणाऱ्या राज्यात हा रकाना लागू पडत नाही, असे सांगणारे मुसलमान विद्वानही आहेत. इंडोनेशियातील ‘नहदतुल उलमा’ ही जगातील अत्यंत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एक. तिच्या उलमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, २०१९ मध्ये पश्चिम जावातील बंजर येथे भरलेल्या परिषदेत अशी शिफारस केली की, देशातील मुसलमानेतर नागरिकांना काफिर म्हणू नये, कारण तो शब्द त्यांना दुखावतो आणि त्यांचा खरा दर्जा ‘नागरिक’ हा आहे. त्यावर टीकाही झाली. कुराणातला शब्द बदलता येतो का, असे टीकाकारांनी विचारले. उत्तर असे दिले गेले की शब्द बदलायचा प्रश्नच नाही, तो लावायचा कोणाला हा प्रश्न आहे. मला हे उत्तर शास्त्राला धरून वाटते.

मग मोक्षाचे काय, मुसलमान नसलेला प्रत्येक जण नरकात जाणार का, हा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो. इथे इमाम गझाली (१०५८–१११‍१) यांनी ‘फैसलुत् तफ्रिका’ या छोट्या ग्रंथात केलेली विभागणी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या काळातले रूमी ख्रिस्ती आणि दूरदेशीचे तुर्क डोळ्यांसमोर ठेवून ते तीन गट करतात. ज्यांच्या कानावर मुहंमद हे नावही गेले नाही, ते क्षम्य. ज्यांनी पैगंबरांचे चारित्र्य जवळून पाहिले, संदेश नीट ऐकला आणि तरी नाकारला, ते काफिर. आणि ज्यांनी लहानपणापासून नाव ऐकले, पण एका लबाड माणसाचे नाव म्हणून ऐकले, त्यांच्याविषयी गझालींचे मत आहे की तेही पहिल्या गटासारखेच, कारण विपर्यस्त ऐकीव माहितीने शोध घेण्याची इच्छा जागी होत नाही. या विचारामागे सतराव्या सूरहची पंधरावी आयत आहे : ‘आम्ही पैगंबर पाठवल्याशिवाय शिक्षा करत नाही.’ गझाली काही आधुनिक उदारमतवादी नव्हते; तत्त्वज्ञांविरुद्ध त्यांची लेखणी किती कठोर होती ते पुढे येईलच. पण संदेश पोहोचणे म्हणजे काय, याचा त्यांनी गांभीर्याने विचार केला. बातम्यांच्या ओघात इस्लामचे नाव फक्त स्फोट आणि दंगलींच्या संदर्भात ऐकणारा आजचा माणूस त्यांच्या कोणत्या गटात बसेल, हे वाचकाने स्वतः ठरवावे.

आता तिसरी जागा, म्हणजे तक्फीर. मूळ प्रश्नातला तो दर्ग्याला जाणारा गृहस्थ इथेच अडकलेला आहे.

या विषयाची सुरुवात रक्ताने झाली. इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत चौथे खलिफा हजरत अली आणि सिरियाचे सुभेदार मुआविया यांनी लवाद नेमण्याचे मान्य केले, तेव्हा अलींच्याच सैन्यातला एक गट ‘निवाडा फक्त अल्लाहचा’ असे म्हणत बाहेर पडला. हेच खवारिज. मोठे पाप करणारा मुसलमान काफिर होतो, लवाद मानणे हे असे पाप आहे, म्हणून अली काफिर आणि त्यांना मारणे योग्य, अशी त्यांची साखळी होती. ६६१ मध्ये कूफ्यात त्यांच्यातल्याच इब्न मुल्जमने अलींचा खून केला. नमाज, रोजे आणि कुराणपठण यांत हे लोक कोणाला हार जाणारे नव्हते, आणि त्यामुळेच हा धडा मुसलमान विद्वानांच्या मनात इतका खोल रुतला. परंपरेत नोंद आहे की, हे लोक काफिर आहेत का असे विचारल्यावर अलींनी ‘कुफ्रपासून तर ते पळाले’ असे उत्तर दिले आणि त्यांना काफिर म्हणायचे नाकारले.

त्यानंतरचे सुन्नी धर्मशास्त्र बऱ्याच अंशी या आघाताला दिलेले उत्तर आहे. खवारिज पाचव्या सूरहच्या चव्वेचाळिसाव्या आयतीचा आधार घेत : अल्लाहने उतरवले त्यानुसार जे निवाडा करत नाहीत ते काफिर. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी त्यावर सांगितले की, हे ‘कुफ्रहून खालचे कुफ्र’ आहे. म्हणजे गंभीर पाप, पण माणसाला धर्माबाहेर काढणारे नव्हे. इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेत आणि पुढे तहावींच्या प्रसिद्ध अकीद्यात, म्हणजे श्रद्धातत्त्वांच्या संहितेत, हा नियम पक्का झाला की, काब्याकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या कोणालाही, तो पापाला हलाल मानत नाही तोवर, पापामुळे काफिर म्हणायचे नाही. दारू पिणारा पापी आहे. दारू हराम आहे हेच जो जाणूनबुजून नाकारतो त्याचा प्रश्न वेगळा.

या सावधपणामागे हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचाही, भक्कम आधार आहे. उसामा बिन जैद यांनी एका मोहिमेत शत्रूपक्षाच्या माणसाला गाठले. तलवार उगारताच तो ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हणाला, तरी त्यांनी त्याला ठार केले. जिवाच्या भीतीने म्हणाला, असा खुलासा उसामांनी केला, तेव्हा पैगंबरांनी विचारले, ‘तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस का?’ हा प्रश्न पैगंबर पुन्हा पुन्हा विचारत राहिले, इतका की आपण त्या दिवशीच मुसलमान झालो असतो तर बरे झाले असते असे उसामांना वाटले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत दुसरी एक हदीस आहे की, कोणी आपल्या भावाला ‘अरे काफिरा’ म्हणाला तर तो शब्द दोघांपैकी एकावर परततोच. नात्यातल्या ज्या लोकांनी त्या गृहस्थाला काफिर म्हटले, त्यांनी ही हदीस ऐकलेली असणार. तिचे वजन त्यांना जाणवले नसावे.

विद्वान इतके सावध का राहिले याचे व्यवहारातले कारणही समजून घ्यायला हवे. जुन्या फिक्हमध्ये मुसलमान काफिर ठरला की तो मुर्तद, म्हणजे धर्मत्यागी, होतो. त्याचा विवाह तुटतो, वारसाहक्क जातो, त्याला मुसलमानांच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही, आणि चारही सुन्नी पंथांच्या अभिजात ग्रंथांत पुरुषासाठी देहदंड सांगितला आहे. स्त्रीला हनफी पंथ देहदंडातून वगळतो आणि कैदेची शिक्षा सांगतो. ‘धर्मात बळजबरी नाही’ या कुराणवचनाच्या आधारे आज अनेक विद्वान हा दंड नाकारतात, आणि माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. पण ज्या काळात तो मान्य होता त्या काळात तक्फीर म्हणजे जवळजवळ मृत्युदंडाचा निकाल होता. गझालींनी म्हणूनच लिहिले की, हजार काफिरांना जिवंत सोडण्यातली चूक ही एका मुसलमानाचे थोडे रक्त सांडण्यातल्या चुकीपेक्षा हलकी आहे.

स्वतः गझालींनी मात्र तत्त्वज्ञांना तीन मुद्द्यांवर काफिर ठरवले होते : विश्व अनादी आहे, ईश्वराला फक्त सामान्य तत्त्वे कळतात, एकेक वस्तू नव्हे, आणि देहासह पुनरुत्थान होणार नाही. स्पेनमधील कुर्तुबा (कॉर्डोबा) शहराचे काझी इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी त्याला न्यायाधीशाच्या पद्धतीने उत्तर दिले. या प्रश्नांवर विद्वानांची सर्वसंमती कधी झालेलीच नाही, मग सर्वसंमती मोडल्याचा आरोप टिकेल कसा? शिवाय वचनाचा अर्थ लावताना योग्यता असलेल्या माणसाची चूक झाली, तर ती क्षम्य असते. वकिलीच्या नजरेने मला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो, कारण तो श्रद्धेच्या वादाला पुराव्याच्या वादात आणतो.

इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचे नाव आजचे अतिरेकी गट सर्वांत जास्त घेतात, पण याच विषयातला सर्वांत उपयोगी भेद त्यांनी स्पष्ट केला आहे. एखादे विधान कुफ्रचे आहे असे म्हणणे वेगळे आणि ते विधान करणारा अमुक माणूस काफिर आहे असे म्हणणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाण्याआधी अटी पुऱ्या व्हाव्या लागतात आणि अडथळे दूर व्हावे लागतात. अज्ञान, बळजबरी, जीभ घसरणे आणि वचनाचा चुकीचा पण प्रामाणिक अर्थ लावणे हे ते अडथळे. त्यासाठी त्यांनी दिलेली हदीस अशी : एका पापी माणसाने मरताना मुलांना सांगितले की, मला जाळा आणि राख वाऱ्यावर व समुद्रात उडवून द्या, म्हणजे अल्लाहला मला पुन्हा उठवून शिक्षा देता येणार नाही. ईश्वराच्या सामर्थ्यावर शंका घेणे हे उघड कुफ्र आहे. पण अल्लाहने त्याला उभे करून कारण विचारले, तेव्हा ‘तुझ्या भीतीने’ असे तो म्हणाला आणि त्याला क्षमा मिळाली. दुसऱ्या एका हदीसमध्ये वाळवंटात हरवलेला उंट परत मिळाल्यावर आनंदाने भान हरपलेला माणूस ‘हे अल्लाह, तू माझा दास आणि मी तुझा मालक’ असे बोलून जातो. शब्द पाहिले तर याहून मोठे कुफ्र नाही, पण पैगंबरांनी तो किस्सा तौबेचा, म्हणजे पश्चात्तापाचा, आनंद समजावण्यासाठी सांगितला आहे. बळजबरीचे उदाहरण अम्मार बिन यासिर यांचे. छळाखाली त्यांच्या तोंडून नको ते वदवून घेतले गेले, आणि ज्याचे मन ईमानवर स्थिर आहे त्याच्यावर दोष नाही, असे कुराणाच्या सोळाव्या सूरहने सांगितले.

याच्या उलट दिशेचाही प्रवास झाला, आणि तो विशेषतः हनफी फतव्यांच्या ग्रंथांत. औरंगजेबाच्या आश्रयाने संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगीरी’त कोणकोणत्या शब्दांनी आणि कृतींनी कुफ्र घडते त्याची लांबलचक जंत्री आहे. अशा याद्या वाचून मोहल्ल्यातला अर्धशिक्षित माणूस स्वतःला काझी समजू लागतो. पण त्याच परंपरेतले सोळाव्या शतकातले मोठे हनफी शास्त्री इब्न नुजैम यांनी या याद्यांविषयी लिहून ठेवले आहे की, यांतल्या शब्दांवरून कुफ्रचा फतवा द्यायचा नाही असे मी स्वतःवर बंधन घालून घेतले आहे. आणि मुफ्तींना, म्हणजे फतवा देणाऱ्या धर्मशास्त्र्यांना, शिकवला जाणारा नियमही हाच की, एखाद्या वाक्यातून कुफ्रचे अनेक अर्थ निघत असतील आणि एकच अर्थ त्याला वाचवणारा असेल, तर मुफ्तीने त्या एका अर्थाकडे झुकावे.

विसाव्या शतकात तक्फीर आधुनिक राज्याच्या हाती गेली, तेव्हा काय होते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९५३ मध्ये पाकिस्तानच्या पंजाबात अहमदियांविरुद्ध, म्हणजे मिर्झा गुलाम अहमद यांच्या अनुयायांविरुद्ध, दंगली झाल्या. न्या. मुहंमद मुनीर आणि न्या. कयानी यांच्या चौकशी न्यायालयाने नामवंत उलमांना ‘मुसलमान कोण’ याची व्याख्या विचारली आणि १९५४ च्या अहवालात नोंदवले की, कोणत्याही दोघांचे एकमत झाले नाही. एकाची व्याख्या घेतली तर बाकीच्यांच्या मते आपण काफिर ठरतो. तरीही १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्तीने अहमदियांना मुसलमानेतर ठरवले. दुसरे उदाहरण इजिप्तचे. कुराणाचा भाषिक आणि ऐतिहासिक अभ्यास करणारे प्राध्यापक नस्र हामिद अबू जैद यांच्याविरुद्ध काही त्रयस्थांनी हिस्बाच्या, म्हणजे धर्ममर्यादा राखण्यासाठी कोणाही मुसलमानाने दाद मागण्याच्या, तत्त्वाखाली दावा लावला. कैरोच्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांना धर्मत्यागी ठरवून पत्नी इब्तिहाल युनुस यांच्याशी त्यांचा विवाह रद्द केला, आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केले. पतीला तो विवाह हवा होता, पत्नीलाही हवा होता, आणि अबू जैद स्वतःला मुसलमान म्हणत होते. दोघांना देश सोडून नेदरलँड्समध्ये जावे लागले. हृदय चिरून पाहिलेस का, हा प्रश्न त्या न्यायालयाने स्वतःला विचारला नाही.

२००५ मध्ये अम्मानला जमलेल्या विद्वानांनी चार सुन्नी पंथ, जाफरी आणि जैदी हे शिया पंथ, इबादी आणि जाहिरी यांच्या अनुयायांपैकी कोणालाही काफिर म्हणणे निषिद्ध आहे, असे एकमताने जाहीर केले. या इबादींचा उगम खवारिजांच्या एका मवाळ शाखेत आहे, हे लक्षात घेतले की त्या ठरावाचे मोल कळते.

आता दर्ग्याच्या चादरीकडे येऊ. या बाबतीत मुसलमानांत खरा आणि जुना मतभेद आहे. अठराव्या शतकात अरबस्तानात मुहंमद बिन अब्दुल वहाब यांनी वलींकडे, म्हणजे संतांकडे, मागणे मागण्याला थेट शिर्क ठरवले आणि ते करणाऱ्यांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांच्या तक्फीरला लेखी विरोध करणाऱ्यांत त्यांचे सख्खे भाऊ सुलेमानही होते. हिंदुस्थानात बरेलवी उलमा दर्ग्याला जाणे आणि वलींच्या वसीलाने, म्हणजे मध्यस्थीने, दुआ मागणे योग्य मानतात, तर देवबंदी उलमा चादर, उरूस आणि नवस यांना बिदअत, म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट, म्हणून रोखतात. पण बिदअत म्हणजे कुफ्र नव्हे. कबरीला आदराचा सजदा, म्हणजे साष्टांग नमन, करणे बरेलवींचे इमाम अहमद रझा खान यांनीही हराम ठरवले आहे. हराम म्हटले, कुफ्र म्हटले नाही. त्या गृहस्थाला कोणी विचारले असते की, तू त्या वलींना ईश्वर मानतोस का, तर तो दचकून कानाला हात लावून ‘तौबा’ म्हणाला असता. त्या उत्तरानंतर कोणताही जाणता मुफ्ती त्याच्या विरोधात फतवा देणार नाही. ज्याला ही प्रथा चुकीची वाटते त्याने तसे खुशाल सांगावे, समजावावे, वाद घालावा. मात्र त्याच्या ईमानचा आणि संसाराचा निकाल देण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. तेव्हा निकाह पुन्हा पढवण्याची गरज धर्मशास्त्राच्या दृष्टीने उद्भवत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. धर्मत्यागाने निकाह तुटण्याचा नियम आपल्याकडे एकेकाळी स्त्रियांनीच सुटकेसाठी वापरला. हनफी पंथात छळणाऱ्या किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग जवळपास बंद होता, म्हणून पंजाबात काही स्त्रिया इस्लाम सोडल्याचे जाहीर करून मोकळ्या होत. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाच्या आधाराने स्त्रियांना फस्खचा, म्हणजे न्यायालयीन विवाहविच्छेदाचा, मार्ग सुचवला आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे, जन्माने मुसलमान असलेल्या विवाहित स्त्रीने इस्लाम सोडला तरी तेवढ्याने तिचा विवाह आपोआप तुटत नाही. पतीने खरोखर धर्म सोडला तर जुना नियम अजून लागू आहे, पण त्यासाठी त्याने स्वतः धर्म सोडल्याचे सिद्ध व्हावे लागते. इतरांनी तसे म्हटल्याने ते सिद्ध होत नाही. पतीने अहमदिया पंथ स्वीकारला म्हणून निकाह तुटला का, हा प्रश्न १९२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर आला होता आणि तिथे अहमदिया हा इस्लाममधलाच पंथ आहे, धर्मत्याग नव्हे, असा निर्णय झाला. फतव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विश्व लोचन मदन प्रकरणात स्पष्ट केले की, तो केवळ अभिप्राय आहे आणि कोणावरही बंधनकारक नाही.

मात्र अनुभव असा आहे की, अशा घरांत फतव्यापेक्षा जमातीने टाकलेल्या बहिष्काराची भीती जास्त असते : लग्नाला बोलावणार नाहीत, कब्रस्तानात जागा देणार नाहीत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता, तो दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्या समाजात सय्यदना या धर्मगुरूंचे धर्मपीठ आहे. सुन्नी मुसलमानांत असे कोणतेही पीठच नाही, त्यामुळे मोहल्ल्यातल्या चार माणसांनी तो अधिकार स्वतःकडे घेण्याला धर्मातही जागा नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि त्यात धार्मिक विधी, अंत्यविधी किंवा सामूहिक कार्यक्रमांपासून कोणाला रोखणे हा गुन्हा ठरवला. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या गृहस्थावर तशी वेळ आलीच, तर प्रथम जमातीच्या जबाबदार माणसांना आणि एखाद्या जाणत्या मुफ्तींना लेखी विचारावे, कारण बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच बोलणाऱ्यांची तोंडे बंद होतात. तेवढ्याने भागले नाही, तर याच कायद्याखाली पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.